थंडीतला निकाह आणि पाचशे फुटांचं घर

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही एका निकाहला साक्षीदार म्हणून बसलो होतो. वधूचं वय बासष्ट, वराचं चौसष्ट. दोघंही वरळीच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत वाढलेले. आम्हीही त्याच मजल्यावरचे, चार दारं सोडून पलीकडचे. तिला आम्ही लहानपणापासून आपा म्हणतो आणि त्याला भाई. नावं, खोलीचा नंबर, चाळीचा नंबर इथे लिहिणार नाही. आपांनी हा मजकूर लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर, आणि दुसरी अट अशी की "मला उगाच बिचारी करून टाकू नकोस."

ज्यांनी बीडीडी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. त्या खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी खोल्या बांधायच्या, अशी ती योजना. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीला. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, मधोमध लांबच लांब व्हरांडा, दहा दारं या बाजूला, दहा त्या बाजूला. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. सुरुवातीला तर या खोल्या घ्यायला माणसं मिळेनात. भाडं जास्त आणि वस्ती लांब, म्हणून कित्येक चाळी रिकाम्या पडून होत्या. पुढे त्याच १६० फुटांसाठी भावा-भावांत कोर्टकचेऱ्या झाल्या, हे आपण सगळे जाणतो.

समोरासमोर दार म्हणजे काय, हे आताच्या मुलांना कळणार नाही. दार दिवसभर उघडं, फक्त पडदा. समोरच्या घरात आज काय शिजलं, कोणाला ताप आला, कोणाचा अभ्यास झाला नाही, सगळं माहीत. आपा आणि भाई यांचं 'प्रेम' कधी सुरू झालं असं विचारलं तर दोघंही हसतात. भाई तिला गणित शिकवायचा. ती त्याला उर्दू वाचून दाखवायची, कारण त्याची शाळा मराठी आणि तिची उर्दू. नाताळच्या सुटीत सगळ्यांच्या अम्मी आम्हा पोरांना घेऊन हाजीअलीला चालत जायच्या. ओहोटीची वेळ विचारून निघायचं, आणि परतताना पाणी चढायच्या आत रस्ता ओलांडायचा. एकदा आपाची चप्पल खडकात अडकली, भाई ती काढायला मागे थांबला, आणि दोघांनाही सणसणीत चपराक बसली. एवढंच काय ते त्यांचं चोरून भेटणं. मुंबईची थंडी ती केवढी, पण पहाटे नळावर उभ्या राहिलेल्या मुलींच्या डोक्याला स्कार्फ आणि मुलांच्या डोक्याला कानटोप्या असायच्या. त्या रांगेत भाई स्वतःच्या घरची कळशी भरून झाल्यावरही उगाच रेंगाळत असे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

१९८१ च्या डिसेंबरात भाईची अम्मी व्हरांडा ओलांडून समोरच्या खोलीत शिऱ्याची वाटी घेऊन गेली. पैगाम गेला. आपा अठराची, भाई विशीचा. भाईचे अब्बा गिरणीत साच्यावर, भाई स्वतः तिथेच बदली कामगार. आपाचे अब्बा महापालिकेत कायम नोकरीला. त्यांनी नकार दिला नाही. म्हणाले, मुलाला कायम होऊ द्या, मग तारीख धरू. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आपाचे अब्बा म्हणाले, संप मिटू द्या.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ज्या अटीवर ते लग्न ठरलं होतं ती अट आजतागायत पुरी व्हायची आहे, असं भाई थट्टेनं म्हणतो. त्या वेळी मात्र ती थट्टा नव्हती. त्यांच्या घरातली भांडी विकली गेली. भाईची अम्मी समोरच्या घरून आलेलं ताट झाकून परत पाठवायची, कारण ज्या घरी मुलीसाठी पैगाम टाकला त्या घरचं उसनं कसं खायचं! शेवटी ते कुटुंब खोली सोडून श्रीवर्धनला गावी गेलं आणि भाई तिथूनच कुवेतला. १९८४ मध्ये आपाचं लग्न कुर्ल्याच्या एका नात्यातल्या मुलाशी झालं. कोणी कोणाला फसवलं नाही, कोणी पत्र फाडलं नाही, कोणी विष प्यायलं नाही. दोघांचीही लग्नं चांगली झाली, हे इथे मुद्दाम लिहितो. आपांचे मियाँ आम्ही जवळून पाहिले होते. शांत, कष्टाळू माणूस. अल्लाह त्यांची मग्फिरत करो. भाईच्या बेगम चार वर्षांपूर्वी आजारपणात गेल्या. तो अजूनही बोलता बोलता "आमच्या त्या" म्हणतो तेव्हा समोरच्याला कळतं.

आम्ही १९९३ साली मुंब्र्याला आलो. त्याची कारणं वाचकांना सांगायला नकोत. आपा मात्र उलट दिशेनं गेल्या. अब्बा वारले, अम्मी एकट्या पडल्या, भाऊ नाही, म्हणून त्या नवरा-मुलांसह परत बीडीडीच्या खोलीत राहायला आल्या आणि पुढे खोली त्यांच्या नावावर झाली. २०१३ मध्ये मियाँ गेले. मग म्हाडाचा पुनर्विकास आला. १ ऑगस्ट २०२१ ला वरळीत भूमिपूजन झालं, आणि आमची चाळ पहिल्याच टप्प्यात पडली. आपा धाकट्या मुलाच्या संसारासह तात्पुरत्या घरात गेल्या.

२०२४ च्या नाताळच्या सुटीत भाई नातवाला घेऊन मुंबईत आला होता. नातवाला आजोबांची चाळ पाहायची होती. चाळीच्या जागी चाळीस मजल्यांचा मनोरा, बाहेर पत्रे लावलेले. आजोबांना कोणती खूण दाखवावी ते कळेना, म्हणून ते जांबोरी मैदानाच्या कडेला चहा घेत बसले. तिथून आपा डाळ-तांदळाची पिशवी घेऊन चालल्या होत्या. कोणी कोणाला आधी ओळखलं यावर दोघांत आजही वाद आहे. आपा म्हणतात, "हा बसल्या बसल्या डावा पाय हलवत होता. असा पाय हलवणारा जगात एकच." भाईनं उठून सलाम केला आणि "तुम्ही" म्हणाला. आपांनी विचारलं, "केव्हापासून?" म्हणजे मुंबईत केव्हापासून आलास, असं नव्हे, मला तुम्ही केव्हापासून म्हणायला लागलास, असं.

पुढचे सात-आठ महिने फोन. श्रीवर्धनहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती रोठा सुपारी, सुके बोंबील, आंबोशी. आपांच्या सुनेनं हे सगळं पाहिलं आणि, तिचं भलं होवो, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एके दिवशी तिनंच सासूला विचारलं, "अम्मी, ते इथे येणार की तुम्ही तिथे जाणार?"

मग १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आपांना पाचशे चौरस फुटांचं घर मिळालं, मालकीचं. शंभर वर्षं १६० फुटांत राहिलेल्या वस्तीला पाचशे फूट म्हणजे काय, हे त्या दिवशी रडणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि चावी हातात आली त्याच आठवड्यात आपांच्या घरात भांडण सुरू झालं. तोवर मोठा मुलगा हसून सोडून देत होता. आता तो म्हणाला, "या वयात निकाह? लोक काय म्हणतील? अब्बांची याद एवढ्यात विसरलीस?"

एवढ्यात म्हणजे बारा वर्षांत.

आपांनी आम्हाला फोन केला. "मासिकात मोठमोठ्या गोष्टी लिहितोस ना? आता ये आणि माझ्या मुलांशी बोल." खरं सांगायचं तर आमच्याही मनात पहिला विचार तोच आला, की या वयात कशाला? नातवंडं आहेत, नमाज-रोजा आहे, एखादा उमरा करावा. आमच्या घरातून आम्हाला चांगलंच सुनावण्यात आलं. "मिलादच्या जलशात हजरत खदीजांचं (रजि.) नाव घेताना तुमचा आवाज भरून येतो. विधवा होत्या, वयानं मोठ्या होत्या, स्वतःहून पैगाम पाठवला, हे सगळं तुम्हीच सांगता. आणि शेजारच्या बाईनं तेच केलं की तुम्हाला उमरा आठवतो!" आम्ही निमूट टोपी घातली आणि वरळीला गेलो.

तिथे मोठ्या मुलानं शरियतच काढली. म्हणाला, "मामू, आपण कोकणी, शाफई. आपल्यात वलीशिवाय निकाह नाही. अम्मीचे वालिद नाहीत, भाऊ नाही. म्हणजे वली मी. आणि मी परवानगी देत नाही."

आम्ही फतवा देणारे नव्हेत. म्हणून तिघेही उठून मशिदीच्या इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला सांगितलं की पहिली गोष्ट बरोबर, शाफई मजहबमध्ये वली लागतो, विधवेलाही लागतो. दुसरी गोष्ट मात्र चुकीची. शाफईंमध्ये मुलगा निव्वळ मुलगा म्हणून आईचा वली होत नाही. आधी वडील, मग दादा म्हणजे वडिलांचे वडील, मग भाऊ, भावाचे मुलगे, मग चाचा, चाचाचे मुलगे. यांपैकी कोणीच नसेल तर काजी. हनफींत हिशोब वेगळा आहे, तिथे मुलाला हक्क आहे आणि सज्ञान बाईला स्वतःचा निकाह स्वतः करण्याचीही मुभा आहे. "तुम्हाला दोन्हींकडचं सोयीचं तेवढं घेता येणार नाही," एवढंच ते म्हणाले. वाचकांपैकी किती जणांना हे माहीत होतं? आम्हाला नव्हतं. साठ वर्षं शाफई म्हणवून घेतो आहोत.

मग त्यांनी मअकल इब्न यसार (रजि.) यांचा किस्सा सांगितला. तो सहीह बुखारीत आहे आणि सूरह बकराच्या २३२व्या आयतीशी जोडलेला आहे. त्यांच्या बहिणीला नवऱ्यानं तलाक दिला. इद्दत संपली. काही काळानं तोच माणूस पुन्हा मागणी घालायला आला. भाऊ संतापला. मी तुला बहीण दिली, मान दिला, तू तिला सोडलंस, आता पुन्हा कधीच नाही, अशी त्यानं शपथ घेतली. पण बहिणीला जायचं होतं. तेव्हा ती आयत उतरली की दोघं रीतीनं राजी असतील तर बायकांना अडवू नका. आणि मअकल यांनी आपला राग गिळून बहिणीचा निकाह लावून दिला. इमाम साहेब म्हणाले, या किश्श्यात भावाचा राग खोटा नव्हता. तो रास्तच होता. तरी त्याला बाजूला व्हावं लागलं.

मोठा मुलगा गप्प झाला. बाहेर पडल्यावर आम्हाला म्हणाला, "मामू, खरं सांगू? मला त्या माणसाचा राग नाही. घराची भीती वाटते."

हे ऐकून आम्हाला बरं वाटलं. अब्बांच्या यादीशी भांडता येत नाही, घराचा हिशोब तरी मांडता येतो. म्हणून तो इथेही मांडतो, कारण हा प्रश्न आज बीडीडीत आहे, उद्या तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासात असेल. सूरह निसामध्ये वाटे ठरलेले आहेत. बायको वारली आणि तिला मूल असेल, मग ते आधीच्या नवऱ्यापासूनचं का असेना, तर नवऱ्याला तिच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा. मूल नसेल तर अर्धा. नवरा वारला आणि त्याला मूल असेल तर बायकोला आठवा हिस्सा, नसेल तर चौथा. वसीयत वारस नसलेल्यांसाठी, आणि तीही एक तृतीयांशपर्यंतच. "मी माझा पुढचा हिस्सा आत्ताच सोडला" असं निकाहआधी लिहून घेतलं तरी आपल्या कायद्यात त्याला किंमत नाही, कारण जो हक्क अजून जन्मालाच आला नाही तो सोडता येत नाही.

तीन-चार शहाण्या माणसांनी आपांना सल्ला दिला की घर आधीच मुलांच्या नावे हिबा करून टाका, ताबा द्या आणि मग सुखानं निकाह करा. आम्हाला हा सल्ला मुळीच पटला नाही. म्हाडाच्या घराच्या हस्तांतरणाला अटी असतात, त्या वाचून घ्याव्या लागतात, हे झालंच. पण समजा अटी नसत्या, तरी बासष्टाव्या वर्षी बाईनं नव्या संसारात पाऊल टाकताना पायाखालचं एकुलतं घर सोडून का जावं? पुरुषाला कोणी हा सल्ला देत नाही. आपांना आम्ही तसं सांगायला गेलो तर त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. दोन्ही मुलांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "पाचशेचा चौथा हिस्सा किती? सव्वाशे. उरले किती? पावणेचारशे. आपण एकशे साठ फुटांत आठ जण झोपलो. तुझे अब्बा पाय दुमडून झोपायचे. तुम्हाला पावणेचारशे फूट कमी पडणार असतील तर ते माझ्या निकाहमुळे नाही."

भाईनं आपल्या बाजूनं मुलांना एवढंच सांगितलं, की मी तुमच्या आईच्या आधी गेलो तर प्रश्नच नाही. मागे राहिलो तर माझा वाटा तुम्हाला देईन, पण हे कागदावर लिहून देणार नाही, कारण त्या कागदाला अर्थ नाही असं मला वकिलांनी सांगितलं आहे. आम्हाला वाटलं होतं, मुलगा उखडेल. पण खोट्या कागदापेक्षा त्याला हे बोलणं पटलं असावं.

दोन गोष्टी आणखी, कारण अशा वेळी त्या कोणी सांगत नाही. आपांना पहिल्या पतीच्या नोकरीमुळे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून विधवा म्हणून पेन्शन मिळत होतं. पुनर्विवाहानंतर ते थांबतं. रक्कम लहान होती, पण औषधं त्यावर चालायची. "राहू दे चालू, कोणाला कळतंय," असंही एकानं सुचवलं. आपांनी निकाहनंतर चार दिवसांत स्वतः अर्ज लिहून ते बंद करायला कळवलं. दुसरं, निकाहनामा झाला तरी १९९८ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करून घ्यावी. उतारवयात पुढे इस्पितळं, बँका, पासपोर्ट या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न "तुम्ही यांच्या कोण?" हाच असतो.

निकाह त्या नव्या घरातच झाला. भाईच्या मुलीला आणि नातवाला नाताळची सुटी होती, म्हणून तो रविवार धरला. वली म्हणून म्हसळ्याहून आपांचे चाचाजाद भाऊ पहाटेच्या एसटीनं आले, कानटोपी आणि मफलर गुंडाळून, सत्तरीच्या पुढचे. लिफ्टमध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मेहर किती, असं विचारलं तेव्हा आपांनी आतल्या खोलीतून निरोप पाठवला, रक्कम ठरली आहे तीच, पण नकद. "उधार नको. एकदा संप मिटू द्या म्हणून त्रेचाळीस वर्षं गेली." मजलिशीत हशा पिकला. भाईनं खिशातून पाकीट काढलं तेव्हा त्याचा डावा पाय हलत होता.

मोठा मुलगा आला, पण दाराजवळ उभा राहिला. खजूर वाटायची वेळ आली तेव्हा ताट त्यानं उचललं. आमच्याकडे बघितलं नाही. तळमजल्यावरच्या जुन्या शेजारणी, आता कोणी बाराव्या मजल्यावर तर कोणी तिसाव्या, पुरणपोळ्या घेऊन आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं सांगितलं की नळावरच्या रांगेत भाई कोणासाठी रेंगाळायचा ते तिला तेव्हाच माहीत होतं, आणि तिनं ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

आपा सध्या श्रीवर्धनला आहेत. रमजानसाठी दोघंही मुंबईत येणार, ईद इथे करणार आणि पावसाळ्यात कुठे राहायचं ते अजून ठरलेलं नाही. समुद्राच्या वाऱ्यानं तिथे रात्री बराच गारठा असतो, अशी त्यांची तक्रार आहे. परवा मोठ्या मुलाचा आम्हाला फोन आला. म्हणाला, "मामू, अम्मीची रजई इथेच राहिली आहे. तिकडे कोणी जाणारं आहे का?" आम्ही म्हटलं, आमच्या माहितीत तर कोणी नाही. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग विचारलं, परळहून श्रीवर्धनची गाडी सकाळी किती वाजता सुटते.